फळ्यावरचा चार

चौतीस वर्षं एकाच डॉक्टरांच्या दवाखान्यात औषधं बांधून देणाऱ्या माणसाला लोक कंपाउंडर म्हणणार, यात नवल नाही. पण या गृहस्थांना त्यांची सख्खी मोठी बहीणसुद्धा कंपाउंडरच म्हणायची. "कंपाउंडर, जेवलास का?" असं ती फोनवर विचारायची आणि हेही निमूटपणे "जेवलो गं अक्का" म्हणायचे. बायको होती तेव्हा तीही शेजारणीशी बोलताना "आमचे कंपाउंडर" असंच म्हणायची. खरं नाव रेशन कार्डावर होतं आणि ते कार्ड कपाटात होतं.

दवाखान्याच्या छोट्या खिडकीत उभं राहून ते औषध द्यायचे, पण नुसतं द्यायचे नाहीत. आधी चिठ्ठीवर लिहायचे, मग मोठ्याने वाचायचे, आणि मग पेशंटकडून वदवून घ्यायचे.

"चार थेंब, दिवसातून दोनदा. किती?"

"चार."

"ऐकू नाही आलं."

"चार!"

एवढं झालं की मगच बाटली हातातून सुटायची. मग समोर कानाने अधू म्हातारी असो की मोठ्या हुद्द्याचा साहेब. साहेब लोक वैतागायचे. कंपाउंडरकडून औषध घ्यायचं म्हणजे पुन्हा शाळेत जाऊन पाढे म्हणायचे, अशी गावभर थट्टा होती. कंपाउंडर हसून सोडून द्यायचे आणि पुढच्यालाही तेच विचारायचे. चौतीस वर्षांत त्यांच्या हातून एकही डोस इकडचा तिकडे झाला नाही. आयुष्यात त्यांनी मिरवावी अशी ही एकच गोष्ट होती, आणि तीही ते मनातल्या मनातच मिरवायचे.

बायको गेली. तीन वर्षांनी डॉक्टर गेले आणि दवाखान्याचं शटर खाली आलं. तेव्हा परदेशात नोकरी करणाऱ्या मुलीने त्यांना आपल्याकडे बोलावून घेतलं. तिच्या घरी पोचल्यावर पहिल्या दिवशी त्यांनी तिचा औषधांचा डबा लावला. दुसऱ्या दिवशी मुदत संपलेल्या गोळ्या काढून टाकल्या. तिसऱ्या दिवशी बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवल्या. चौथ्या दिवशी करायला काही उरलं नाही, तेव्हा ते मुलीच्या तोंडाकडे बघत बसले.

"बाबा, मला खोकला होण्याची वाट बघताय का?" मुलगी म्हणाली.

तिनेच मग ते केंद्र शोधून काढलं. बसने दोन तासांवर समुद्रकाठी आजारी आणि पोरक्या सीलच्या पिल्लांना बरं करून पुन्हा पाण्यात सोडणारी एक संस्था होती. आठ आठवडे राहून काम करणारे स्वयंसेवक त्यांना हवे होते. राहायला खोली होती. मुलीने अर्ज भरला आणि अनुभवाच्या रकान्यात ठसठशीत लिहिलं, औषधं देण्याचा चौतीस वर्षांचा अनुभव.

"अगं, मी माणसांना देत होतो."

"मग? माणसं काय कमी चावत होती?"

मग काय, कंपाउंडर गेले.

केंद्र म्हणजे मासळीचं एक जुनं गोदाम होतं. वर पत्रा, खाली सिमेंटचे हौद आणि सतत वाहणारं गार पाणी. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून दिवसभर फरशी धुवायची, बादल्या घासायच्या, मासे चिरून त्यांचा पातळ लगदा करायचा. वास इतका की पहिले दोन दिवस त्यांना जेवण जाईना. पण हौदातून एक ओलं डोकं वर यायचं आणि दोन मोठे काळे डोळे टक लावून बघायचे, तेव्हा कंपाउंडर हातातला ब्रश विसरायचे. पिल्लांना नाव द्यायचं नाही, कुरवाळायचं नाही, त्यांच्याशी लाडाने बोलायचं नाही, असा तिथला नियम होता. माणसाची सवय झाली तर ती समुद्रात टिकत नाहीत. प्रत्येकाला नुसता नंबर. कंपाउंडरांना हा नियम आवडला. दवाखान्यातही केसपेपरला नंबरच असायचा.

तिथली डॉक्टरीण त्यांच्या मुलीच्याच वयाची होती, आणि केंद्राची सगळी जबाबदारी तिच्या एकटीवर. सदा घाईत. पण दुसऱ्या आठवड्यात तिने कंपाउंडरांना सिरिंजमधला हवेचा बुडबुडा काढताना पाहिलं आणि तिला माणूस कळला. तिने त्यांच्याकडे फळा दिला. हौदांच्या भिंतीवर एक पांढरा फळा होता. रोज सकाळी ती कोणत्या नंबरला किती औषध ते सांगायची, कंपाउंडर ते लिहायचे, आणि त्यावरून बाकीचे द्यायचे. दुपारी फरशीबरोबर फळाही धुतला जायचा.

पहिले दोन दिवस त्यांनी आपल्या रीतीप्रमाणे लिहिलेलं मोठ्याने वाचलं. इंग्रजी त्यांचं मोडकंतोडकं, उच्चार तर खास घरचे. तिथे काम करणाऱ्या दोन मुली खुदकन हसल्या. एकीने त्यांच्यासारखाच 'फोर' म्हणून दाखवला. त्यात वाकडं काही नव्हतं, पोरीबाळी हसतात तसंच ते हसणं. पण त्रेसष्टाव्या वर्षी आपल्या बोलण्याला कोणी हसावं हे कंपाउंडरांना लागलं. तिसऱ्या दिवसापासून ते नुसतं लिहू लागले. अक्षर सुरेख होतं, कोणाचं काही अडलं नाही. चौतीस वर्षांची सवय अशी एका सकाळी सुटली आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही.

फळा वाचून औषध पाजणारा माणूस होता मच्छीमार. पंचावन्नच्या आसपासचा, पगारी नोकर. पूर्वी त्याची स्वतःची बोट होती. मासळी कमी झाली, बोट गेली, आणि वर्षापूर्वी तो केंद्राच्या दारात कामासाठी येऊन उभा राहिला. सगळ्यांच्या भुवया वर गेल्या. सील जाळी फाडतात, मासे खातात, त्यामुळे मच्छीमार आणि सील यांचं पिढ्यानपिढ्यांचं वैर. हा इथे कशाला आला? डॉक्टरिणीने सगळ्यांचा विरोध अंगावर घेऊन त्याला ठेवून घेतलं. तिकडे बंदरावरच्या जुन्या सोबत्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. ते त्याला सीलची दाई म्हणायचे. म्हणजे इकडचे आपला मानेनात आणि तिकडचे ओळख दाखवेनात. असा तो माणूस दुपारी एका उलट्या खोक्यावर बसून चहा प्यायचा. दुसऱ्या खोक्यावर कंपाउंडर बसायचे. दोघेही मितभाषी, त्यामुळे छान जमलं.

तेवीस नंबरचं पिल्लू मच्छीमारानेच आणलं होतं. खडकांत अडकून पडलेलं, पोट पाठीला लागलेलं. ते त्याने स्वतःच्या जाकिटात गुंडाळून तीन मैल चालत आणलं. वाटेत ते त्याच्या मनगटाला कडकडून चावलं. ती जखम तो सगळ्यांना दाखवत फिरला.

पिल्लाला खोकला होता. फुफ्फुसात जंत झाले होते. त्या वजनाच्या पिल्लाला एरवी आठ मिली औषध द्यायचे. पण डॉक्टरीण म्हणाली, "याच्या अंगात ताकद नाही. सगळे जंत एकदम मेले तर तेच श्वासात अडकतील. तेवीसला निम्मंच द्या. चार."

हे ती चालता चालता म्हणाली, कारण बाहेर गाडी थांबली होती. कंपाउंडरांनी नुकताच फोन खिशात ठेवला होता. अक्काचा फोन, वीस मिनिटांचा. गुडघा दुखतोय, नळ गळतोय, तू कधी येतोस. त्यांनी मान डोलावली, फळ्यावर तेवीसची ओळ लिहिली आणि बाटल्या धुवायला मागे गेले.

दुपारी पिल्लू गेलं. अर्धा तास ते तोंड उघडून श्वास ओढत होतं. मच्छीमार गुडघ्यांवर बसून त्याच्या छातीला चोळत राहिला. मग चोळायचंही थांबला.

मेलेल्या पिल्लाभोवती सगळे उभे असताना डॉक्टरिणीने विचारलं, "किती दिलंत?"

"आठ. फळ्यावर होतं तेवढं."

"मी चार सांगितलं होतं."

"फळ्यावर आठ होतं."

फळा तोवर धुतला गेला होता. सगळे कंपाउंडरांकडे वळले. डॉक्टरिणीने विचारलं, "तुम्ही काय लिहिलं होतं?"

"चार," कंपाउंडर म्हणाले. आणि ते खोटं बोलत नव्हते.

त्यांच्या शब्दावर कोणी शंका घेतली नाही. चौतीस वर्षांचा अनुभव, सुरेख अक्षर आणि दुसऱ्या बाजूला एक मच्छीमार. मागून कोणीतरी हलक्या आवाजात म्हणालं, "रक्तातच असतं ते." मच्छीमाराने ऐकलं, पण मान वर केली नाही. डॉक्टरिणीने त्याला सोमवारपर्यंत घरी बसायला सांगितलं. सोमवारी काय होणार हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, तो आपले बूट न्यायला आला. कंपाउंडर त्याच्यापाशी गेले. त्यांना त्या माणसाची कीव येत होती. चूक कोणाकडूनही होते, असं काहीतरी समजुतीचं ते जुळवत होते. चूक दुसऱ्याची असली की असे शब्द पटकन सुचतात.

मच्छीमार म्हणाला, "तुम्ही माझ्याशी कधी खोटं बोलला नाहीत. पण मी आठच पाहिला. अजून डोळ्यांसमोर आहे. मला वाटलं, तुम्ही घाईत होतात. वरचा गोल पुरता जुळला नव्हता." आणि तो खाली वाकला. ओल्या फरशीवर वाळू पसरली होती. तिच्यात त्याने बोटाने आकडा काढला. वरून आलेल्या दोन रेघा मध्ये एकमेकींना ओलांडतात, खाली गोल घेतात, आणि वर दोन्ही टोकं उघडीच. "असा. वर उघडा राहिलेला आठ."

कंपाउंडर त्या वाळूकडे बघत राहिले. तिथे ४ लिहिलेला होता. ज्या माणसाला मराठीचं एक अक्षर येत नव्हतं त्याने स्वच्छ मराठी चार काढला होता. आणि त्या अख्ख्या किनाऱ्यावर तो वाचता येणारा एकच माणूस होता.

अक्काशी वीस मिनिटं बोलल्यावर जीभ इंग्रजीकडे वळली होती, हात वळला नव्हता. मराठी दोन आणि तीन इंग्रजी दोन-तीनसारखेच दिसतात, म्हणून तेवीस बिनबोभाट वाचला गेला. चारने मात्र घात केला. आणि आठ हा नेहमीचाच डोस, मग मच्छीमाराला शंका तरी कशी यावी?

"मला आता वाटायला लागलंय," मच्छीमार वाळूकडे बघतच म्हणाला, "की फळ्यावर चारच असेल. माझ्या बापाने काठीने सील मारलेत. मी लहानपणी पाहिलंय. कदाचित ते कुठेतरी माझ्या हातात असेल." त्याने पायाने वाळू सारखी केली, बूट उचलले आणि तो निघून गेला.

कंपाउंडरांनी त्याला हाक मारायला हवी होती. मारली नाही.

संध्याकाळी त्यांनी मुलीला फोन केला आणि सगळं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"बाबा, तुमचे बाराच दिवस राहिलेत," मग ती म्हणाली. "तुम्ही मुद्दाम केलं नाहीत. त्यांनी विचारलं, तुम्ही खरं तेच सांगितलंत. तुम्ही चारच लिहिला होतात."

"हो."

"मग झालं तर. पिल्लू काही परत येणार नाही. उगाच कशाला सगळ्यांपुढे..." ती थांबली. "तुमचं एवढं नाव आहे, बाबा. मी सगळीकडे सांगते, माझ्या बाबांच्या हातून एकही चूक झाली नाही."

मुलीचा हेतू वाईट नव्हता. बापाची मान खाली जाऊ नये एवढंच तिला वाटत होतं. कंपाउंडरांना त्या आधाराचा मोह पडला. शनिवार गेला. रविवारही गेला. बादल्या घासताना ते स्वतःशी घोकत होते, मी चारच लिहिला. वाक्य खरं होतं. पण जितक्या वेळा म्हणावं तितक्या वेळा डोळ्यांपुढे तो माणूस यायचा, स्वतःच्या हातांकडे बघत असलेला. एक डोस चुकला ते चुकलं. पण चांगल्या माणसाला स्वतःच्या हातांची भीती घातली, ती कशाने उतरणार? आणि फळा लिहून झाल्यावर एकदा, फक्त एकदा, मोठ्याने म्हटलं असतं तर? हसल्या असत्या मुली. हसू दे. पिल्लू जगलं असतं.

सोमवारी सकाळी सगळे हौदापाशी जमले. मच्छीमार स्वच्छ सदरा घालून, केस विंचरून आला होता. नोकरी घालवायला येणारा माणूस असा नीटनेटका येतो हे बघून कंपाउंडरांनी हातातली बादली खाली ठेवली. डॉक्टरीण बोलायला सुरुवात करणार तेवढ्यात ते पुढे झाले. मार्कर घेतला आणि फळ्यावर मोठा आकडा काढला, ४.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं. त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला.

"आठ," डॉक्टरीण म्हणाली.

"तुम्ही?"

"आठ," त्या दिवशी हसलेली मुलगी म्हणाली.

"सगळ्यांना आठ दिसतो. हा आमच्या भाषेतला चार आहे. गुरुवारी मी हा लिहिला. यांनी बरोबर वाचला. चुकलो मी." मग ते मच्छीमाराकडे वळले. "शुक्रवारी तुम्ही वाळूत काढलात, तेव्हाच मला कळलं होतं. तीन दिवस मी गप्प बसलो. ते पिल्लाच्या बाबतीतल्या चुकीइतकंच वाईट केलं."

हौदात पाणी पडत होतं. मच्छीमार फळ्यापाशी आला. त्याने त्या आकड्यावरून बोट फिरवलं, खालच्या गोलापासून वरच्या उघड्या टोकांपर्यंत. मग आपला पंजा उलटासुलटा करून पाहिला आणि खाली बसला. एवढा दांडगा माणूस, सगळ्यांसमोर रडला. कंपाउंडरांना क्षमा-बिमा त्याने केली नाही. त्यांच्याकडे बघितलंही नाही.

डॉक्टरिणीने कंपाउंडरांच्या हातातून मार्कर घेतला. "तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत," ती म्हणाली. "पण फळा आता तुमच्याकडे नको."

"नकोच," कंपाउंडर म्हणाले. "एकच सांगतो. दवाखान्यात आम्ही लिहिलेलं मोठ्याने म्हणायचो आणि समोरच्याकडून म्हणवून घ्यायचो. इथे मी ते लाजेपायी सोडलं. तुम्ही सोडू नका."

संध्याकाळी त्यांनी मुलीला कळवलं. ती रडली. म्हणाली, "बाबा, मी तुम्हाला भलतंच सांगितलं." ते म्हणाले, "मी ऐकलं ना, मग दोष माझाच."

उरलेले दिवस त्यांनी मासे चिरले आणि बादल्या घासल्या. दुपारी खोक्यावर एकटेच बसायचे. मच्छीमार आपला कप घेऊन लांब उभा राहायचा. आठव्या दिवशी तो पाण्याचा पाइप गुंडाळत गुंडाळत जवळ आला आणि पाठमोराच म्हणाला, "तुमच्या भाषेत त्याला म्हणतात काय?"

"कशाला?"

"त्या उघड्या आठाला."

"चार."

त्याने एकदा पुटपुटून पाहिलं, चुकीचं, आणि पाइप ओढत निघून गेला.

शेवटच्या दिवशी सकाळी कंपाउंडरांची बॅग भरून दाराशी ठेवलेली होती. बसला अर्धा तास होता, म्हणून ते रिकामे न बसता ट्रे धूत होते. आदल्या दिवशी एक नवीन पिल्लू आलं होतं, एकतीस नंबर. तसंच वाळलेलं, तसंच खोकणारं. डॉक्टरिणीने फळ्यावर आपल्या इंग्रजी पद्धतीचा चार काढला, मोठ्याने म्हटला, आणि मच्छीमाराने तो परत म्हणून दाखवला. गेल्या आठवड्यापासून आता हीच रीत झाली होती. मच्छीमाराने सिरिंज भरली. पण हौदाकडे जायच्या ऐवजी तो वळला आणि कंपाउंडरांच्या पुढ्यात येऊन उभा राहिला. सिरिंज त्यांच्या डोळ्यांसमोर उजेडात धरली.

"चार?" त्याने विचारलं. उच्चार पार वाकडा होता.

कंपाउंडरांनी सिरिंजवरची रेघ पाहिली. बुडबुडा नव्हता. त्यांनी ओले हात पॅंटला पुसले.

"चार," ते हळूच म्हणाले.

मच्छीमार जागचा हलला नाही. "ऐकू नाही आलं," तो म्हणाला.

"चार!" कंपाउंडर ओरडले.

मग मच्छीमार पिल्लाकडे गेला.